आशावादी राहा, वहिनी

'आशावादी' हा शब्द उज्वलाने आयुष्यात एकदाच लिहिला होता, दहावीच्या पेपरात, वाक्यात उपयोग करा म्हणून. नंतरची वीस वर्षं तिच्या घरात तो कुणाच्या तोंडी आला नाही. मग सातपूरच्या कारखान्यात मशीनवर उभ्या उभ्या तिच्या नवऱ्याला, संतोषला, लकवा मारला. उजवा हातपाय गेला, वाचा गेली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आपण आशावादी राहू, आणि पुढच्या खाटेकडे वळले.

सायखेड्याहून आलेल्या सासरच्या माणसांनी तो शब्द तिथूनच उचलला. पहिल्या महिन्यात रोज कुणी ना कुणी यायचं, शहाळं ठेवायचं, संतोषच्या पायाला हात लावायचं आणि उठता उठता तिला आशावादी राहायला सांगून जायचं. उज्वलाला तेव्हा बरं वाटायचं. धाकटा दीर वाल्मीक तर तिच्या हिमतीचं चारचौघांत कौतुक करायचा. पुढे माणसं फोनवर आली, मग फोनही सणासुदीला येऊ लागले. शब्द मात्र तोच. हळूहळू तिच्या लक्षात आलं, की लोकांना निघायचं असलं की ते हा शब्द वापरतात.

दुसऱ्या वर्षी चांदवडला तिची आई गेली. संतोषला एकटं टाकून अंत्यविधीला जाणं जमलंच नाही. निदान दहाव्याला जावं म्हणून तिने वाल्मीकला फोन केला, एक दिवस भावापाशी बसा म्हणाली. त्याने बराच वेळ शेतातल्या कामांचं सांगितलं. शेवटी म्हणाला, "वहिनी, ते डायपर बदलणं मला नाय जमायचं. तुम्ही आशावादी हाय, म्हणून तुम्हाला जमतं."

दहाव्याच्या दिवशी तिने संतोषला अंघोळ घातली, दाढी केली, नखं काढली. आई गेल्याचं तिने त्याला सांगितलं होतं; ते त्याला कळलं की नाही, हे तिला कळलं नव्हतं.

दर मंगळवारी ती त्याला रिक्षाने दवाखान्यात व्यायामाला न्यायची. तिथे एकदा भिमाबाई भेटल्या. त्यांच्या मालकांना महिन्यापूर्वीच झटका आला होता. त्यांनी उज्वलाचा हात धरला आणि हळूच विचारलं, "बोलतील ना हो आमचे?"

उज्वलाच्या ओठांवर तोच शब्द आला. तिने तो गिळला. "माहीत नाही," ती म्हणाली. "माझे दोन वर्षांत बोलले नाहीत. दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. आणि आत्ता जी माणसं येतायत ना, त्यांना आत्ताच कामं वाटून द्या. पुढे ती यायची नाहीत."

भिमाबाईंनी तिचा हात सोडला. पुढच्या मंगळवारी त्या पलीकडच्या बाकावर बसल्या, आणि त्यांच्या सुनेने उज्वलाकडे असं पाहिलं, जणू तिची नजर लागेल.

व्यायाम घेणाऱ्या मुलीने, अंजलीने, तिला बाजूला घेतलं. नवीन लोक घाबरतात, त्यांच्याशी जरा आशावादी बोलत जा, असं ती अदबीनेच म्हणाली.

"म्हणजे नेमकं काय बोलू?" उज्वलाने विचारलं.

तिला खरंच उत्तर हवं होतं. आतून हाक आली म्हणून अंजली निघून गेली. उज्वलाने संतोषच्या काखेत हात घातले आणि त्याला एकटीनेच चाकाच्या खुर्चीत ओढून बसवलं. पलीकडच्या बाकावरून कुणी उठलं नाही.