किरण म्हणजे मासा नव्हे

मिलवॉकीला जायचं ठरलं ते एका माशामुळे.

ऑगस्टमधला गुरुवार होता. ऑफिसात रिलीजचा धबडगा चालू होता आणि त्यात मॉरीनची ई-मेल आली. "मी किरणचं नाव मनगटावर गोंदवून घेतेय, माझ्या आजोबांच्या भाषेत, आयरिशमध्ये. किरण म्हणजे 'रे' ना? रविवारची अपॉइंटमेंट आहे." खाली चित्र होतं. मनगट, आणि त्यावर वळणदार अक्षरांत एकच शब्द: 'रोक'.

किरण माझा धाकटा भाऊ. मॉरीनशी त्याचं लग्न ठरलं होतं. म्हणजे त्या दोघांनी ठरवलं होतं, नागपूरला आईने अजून हो म्हटलं नव्हतं. दीड वर्षापूर्वी जानेवारीत तो आमच्या शॉमबर्गहून तिच्या घरी, रॉकफर्डला, निघाला होता. रस्त्यावर बर्फ होतं. गाडी घसरली आणि तो गेला. तेव्हापासून मॉरीनशी मी कामापुरतं बोलायचे. तिचा काही दोष नव्हता, हे कळत होतं हो, पण तो तिच्याकडे निघाला होता हे विसरता येत नव्हतं. खरं सांगायचं तर राग होता. आणि आता ही बया माझ्या भावाचं नाव भलत्याच भाषेत हातावर कायमचं कोरणार!

माझं नाव शीतल. नावाचा आणि स्वभावाचा काडीचाही संबंध नाही. धंद्याने मी सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार घेते. तेव्हा सवयीने तो शब्द इंटरनेटवर शोधला, तर समोर चपट्या, शेपटीवाल्या माशांचे फोटो! इंग्रजीत 'रे' म्हणजे किरणही आणि एक मासाही. हिने ऑनलाइन डिक्शनरीतून नेमका मासा उचलला होता. अगं बाई गं! क्युबिकलमध्ये मी खो-खो हसले, आणि मग तशीच रडले. दोन्ही वेळा शेजारचा डोकावून गेला.

लगेच फोन केला. "रविवार कॅन्सल कर. तो मासा आहे."

पलीकडे तिच्या कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग म्हणाली, "मिलवॉकीला शनिवारी आयरिश लोकांचा मेळा आहे. तिथे भाषेचा तंबू असतो, शब्द तपासून देतात. येशील?"

मी हो म्हणून गेले. एकटी गेली तर दुसरा मासा घेऊन येईल, ही भीती. शिवाय नाव माझ्या भावाचं होतं.

तुम्हाला जायचं असेल तर सांगते. शॉमबर्गहून मिलवॉकी दीड तास, आय-चौऱ्याण्णव हायवे पकडायचा की सरळ उत्तरेला. टोलचा आय-पास नसेल तर सुट्टी नाणी जवळ ठेवा, नाहीतर टोलनाक्यावर पर्स उपसत बसाल आणि मागचे हॉर्न वाजवतील. विस्कॉन्सिनची हद्द लागली की चीजच्या पाट्या सुरू होतात. पार्किंगला दहा डॉलर पडले. मेळा तळ्याच्या काठी भरतो, तिथे वारा सुटतो, ऑगस्ट असला तरी स्वेटर घ्या. तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही, आपल्याला समुद्रच वाटतो.

गाडीत आम्ही दोघी हवामानावर बोललो. मग हवामान संपलं. केनोशा गावाच्या पुढे मी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. तिने एक घेतली आणि विचारलं, "ठेचा नाही आणलास?" तो शब्द इतका नीट उच्चारला की मला चटका बसला. शिकवणारा कोण, ते उघड होतं.

मेळा झकास आहे. व्हायोलिनं, ढोल, सरळ हात ठेवून नुसते पाय नाचवणाऱ्या पोरी. शाकाहारी माणसाचे मात्र हाल. बटाटा-कोबीचा एक लगदा मिळतो, त्याला फोडणी दिली असती तर पुण्य लागलं असतं. सोडा घातलेला जाड पाव लोण्याबरोबर खा, तो खरंच छान.

भाषेच्या तंबूत रांग होती. टेबलामागे सत्तरी ओलांडलेल्या नोरा नावाच्या बाई. तरुणपणी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून इथे आल्या, घरात आयरिशच बोलत वाढलेल्या. मी मनातल्या मनात लगेच नोरामावशी म्हणायला लागले. आमच्या पुढे एक धिप्पाड दाढीवाला होता. त्याला दंडावर 'फ्री', म्हणजे मुक्त, आयरिशमध्ये लिहून हवं होतं.

"त्याला आमच्यात 'सीर' म्हणतात," मावशी म्हणाल्या. "पण त्याचा अर्थ स्वस्त असाही होतो. दंडावर 'स्वस्त' लिहून फिरणार का?"

दाढीवाला विचार करतो म्हणून निघून गेला.

मग मॉरीनने आपला कागद पुढे सरकवला. मावशींनी चष्मा वर केला. "पोरी, हा मासा आहे."

"माहितीय," मॉरीन म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मावशींनी तिला बसवलं. काय झालं, कोण गेलं, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "आमच्यात 'मी दुःखी आहे' असं म्हणत नाहीत. 'टॉ ब्रोन ओरम.' माझ्यावर दुःख आलंय. आलंय म्हणजे आहे, पण तू म्हणजे दुःख नव्हेस."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्यातही तसंच. मला दुःख झालं म्हणतो, भूकसुद्धा आम्हाला लागते." मॉरीनने माझ्याकडे बघितलं. दीड वर्षात आम्ही एकमेकींकडे असं सरळ पाहिलं नव्हतं.

किरणला त्यांचा शब्द 'गा'. पण गा म्हणजे भालाही आणि मधमाशीची नांगीही. मॉरीन मान हलवत राहिली. शेवटी मावशींनी विचारलं, "त्याचं नाव काय होतं, त्याच्या भाषेत?"

"किरण."

"अगं, मग भाषांतर कशाला करतेस? हे नाव आमच्याकडे आहेच! कीअरान." त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि शेवटच्या 'आ'वर तिरपी रेघ ओढली. मॉरीनचा चेहरा उजळला. किरणच्या ऑफिसात फोनवर लोक त्याला आयरिश समजायचे, आणि तो लबाड खुशाल समजू द्यायचा, ते तिने सांगितलं. मग विचारलं, "अर्थ काय?"

"कीअर म्हणजे काळा, सावळा. 'आन' लावलं की छोटा. छोटासा काळा मुलगा."

मॉरीनचा चेहरा पडलाच. "काळा? हे तर उलटं झालं. तो उजेड होता." तिने कागद उचलून घडी घातली. "नको. काहीच नको गोंदवायला. शीतल, तुला हेच हवं होतं ना?"

हो, हवं होतं. पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा उभा होता, कारण त्या बाईने माझ्या भावाचं घरातलं नाव घेतलं होतं. आम्ही त्याला काळू म्हणायचो.

हे मॉरीनला माहीत नव्हतं. त्याने सांगितलं नव्हतं, इथे कशाला सांगेल? आणि मला सांगायचं नव्हतं. त्याचं सगळं तिच्याकडे गेलं होतं, फोटो, स्वेटर, त्याची शेवटची वाट. हे एवढं एकच नाव आमचं उरलं होतं. गप्प राहिले असते तर विषय तिथेच मिटला असता.

"मॉरीन, बस," मी म्हटलं. "तो जन्मला तेव्हा आमच्या आत्या पाळण्यात बघून म्हणाल्या, पोरगा काळा आहे हो. आईला असा संताप आला! तिने हट्टाने नाव ठेवलं किरण. आणि घरात लाडाने हाक मारायची, काळू. म्हणजे छोटा काळा. दोन्ही नावं तिचीच."

मॉरीनने तोंडावर हात धरला. "काळू," ती हळूच म्हणाली. उच्चार चुकला, 'ळ' काही तिला आला नाही. मी चार वेळा म्हणवून घेतला. नोरामावशींनी डोळे पुसले आणि बजावलं, "गोंदवण्याआधी आणखी दोघांना विचारा. एकट्या माणसाचं ऐकू नये, माझंही नाही. आणि ही रेघ विसरू नका." त्यांचा तो कानाच म्हणायचा.

परतताना गाडी तिने चालवली. हद्द ओलांडल्यावर मी म्हटलं, "टॉ ब्रोन ओरम." मावशींनी निघताना सांगितलं होतं, 'सॉरी'लाही त्यांच्यात हेच म्हणतात. मॉरीनने माझा हात दाबला. मग टोलनाका येईपर्यंत आम्ही त्याच्याबद्दल बोलत होतो. पहिल्यांदाच.

दोघांकडून तपासून घेतलं आणि तीन आठवड्यांनी 'कीअरान' गोंदवून झालं. मी जातीने हजर होते. गोंदणाऱ्या माणसाने आधी काढलेल्या छाप्यात काना गाळलाच होता, तो मी पकडला.

गोंदवून झाल्यावरच्या रविवारी नागपूरला फोन लावला आणि आईला सगळं सांगितलं. मासा, मावशी, कीअर, काळू. मॉरीनचं नाव आई कधी घेत नसे, 'ती रॉकफर्डची' म्हणायची.

"आई, मी तिला आपलं घरचं नाव सांगून टाकलं. रागावलीस?"

"सुईनं टोचून काढतात नं ते?" आई म्हणाली.

"हो."

"मग दुखत असेल नं बाप्पा तिला. तू काय करून राहिली तिथं? मॉरीनला म्हणा, आईनं सांगितलंय, जखम वाळली की खोबरेल लाव."