त्रेपन्न किलो, बारदाना सोडून

आखाड्यातले किस्से लाल मातीसारखे असतात. कितीही घासून आंघोळ करा, कानामागे थोडे उरतातच!

मेडशीच्या आखाड्याचे वस्ताद म्हणजे आमचे हे. मी शाळेत मराठी शिकवते. पंचवीस वर्षं मी ताट वाढलं आणि यांनी किस्से वाढले. त्यातले बरेचसे वैष्णवीचे, कारण आमच्या आखाड्यातून देशाच्या संघाच्या दारापर्यंत पोचलेली ती एकटीच.

वस्ताद काहीही म्हणोत, आखाड्यात उत्तर एकच: "हाव वस्ताद!" घरात तसं नव्हतं. मी नाशिककडची, माझ्या जिभेवर 'हाये' कधी बसलंच नाही. हे म्हणायचे, "मास्तरीणबाई, घरात तरी पुस्तक मिटत जा!"

*

वैष्णवीचा वजनगट त्रेपन्न किलोचा. आखाड्यात वजनकाटा नव्हता, म्हणून ती मदनसेठच्या अडतीवर, सोयाबीनच्या काट्यावर उभी राहायची. जिल्हा स्पर्धेच्या आदल्या दिवशी सेठनं सांगितलं, "त्रेपन्न. बरोब्बर!"

दुसऱ्या दिवशी मैदानावर भरली चोपन्न. पोरीला दोन स्वेटर घालून तासभर पळवावं लागलं, तेव्हा कुठे ती वजनात बसली.

परत आल्यावर हे थेट अडतीवर. "सेठ, एक किलो कुठं गेला?"

सेठ कानकोंडा झाला. "वस्ताद, हाताले सवय हाये ना! पोत्यामागं एक किलो बारदान्याचा काटतोच आमी."

"सेठ, पोट्टी हाये, पोतं नाई!"

हमाल पोट धरून हसले. सेठ मान खाली घालून म्हणाला, "हाव वस्ताद."

*

पुढे वैष्णवीनं राष्ट्रीय पदक आणलं आणि शिबिराचं पत्र आलं. शिबिरानंतर आशियाई स्पर्धेसाठी निवड चाचणी. तिचे वडील गजाननभाऊ तावातावानं घरी आले.

"मेडल आनलं ना पोरीनं? मंग आता ट्रायल कायची? ट्रायल तं जुन्या मोटरसायकलची घेतात!"

हे म्हणाले, "मेडल म्हनजे नुसता गाडीचा कागद, गजानन. परदेशात न्यायच्या आधी किक मारून पाहतीलच!"

"किती जनी जातीन?"

"एका वजनात देशातून एक. दुसरी ष्टँडबाय."

"म्हनजे?"

"म्हनजे एस.टी.त सीट नाई, दांडा धरून उभं राहाचं. अन् आपल्या नावानं गाडीबी सुटत नाई!"

*

मग एक पुढारी आले. म्हणाले, "वस्ताद, काळजी करू नका. वरपर्यंत ओळख हाये. शिफारसपत्र देतो."

हे अगदी गंभीर. "द्या साहेब. पोरीच्या पाठीवर बांधतो. समोरचीनं पाठ टेकवली, तं पहिले तुमचं पत्र चीत होईन!"

पत्र काही आलं नाही.

*

शिबिराला अजून महिना होता, तेव्हा हे गेले. झोपेतच. फार बोलण्यासारखं त्यात काही नाही.

तेराव्याला माणसं उठून गेल्यावर वैष्णवी माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "काकू, आखाड्याची किल्ली तुमच्यापाशी हाये. उद्या पाच वाजता याल का?"

दुसऱ्या दिवशी पाचला मी कुलूप उघडलं. लग्नानंतर पहिल्यांदाच आखाड्यात पाऊल टाकत होते!

*

शिबिर झालं. चार दिवसांसाठी घरी आलेल्या वैष्णवीला चाचणीसाठी दिल्लीला न्यायचं होतं. गजाननभाऊंना हिंदी येत नाही, म्हणून मी निघाले. जऊळक्याला गाडी धरली, अकोल्याला बदलली. डब्यात एक पंजाबी आजी भेटल्या. त्यांचं एकच: "बेटी, एक पराठा तो ले ले!"

या वेळी वजनात शंभर ग्रॅमचीही सूट नव्हती. वैष्णवी खिडकीबाहेर बघत राहिली आणि आजींचं मन राखायला पराठे मी खाल्ले. दिल्लीपर्यंत सहा!

उतरताना वैष्णवी म्हणाली, "काकू, तुमचा वजनगट बदलला."

*

सकाळी वजन झालं. पास. दुपारपर्यंत ती दोन कुस्त्या जिंकली. शेवटची कुस्ती हरियाणाच्या मुलीशी. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. शिट्टी वाजली. फलकावर चार-चार.

शेजारी एक कोच होते. त्यांना विचारलं, "आता?"

"बाकी सब बराबर है। जिसका आख़िरी पॉइंट, वो जाएगी।"

"आख़िरी किसका था?"

"आपने देखा नहीं? आपकी बच्ची का!"

मी पुन्हा एकदा फलक वाचला.

मेडशीला फोन लावला. सगळी मंडळी मदनसेठच्या अडतीवरच जमली होती. मी म्हटलं, "निवड झाली." गजाननभाऊ सगळ्यांना ओरडून सांगायला धावले. फोन सेठनं घेतला.

"मॅडम, वजन किती भरलं होतं?"

"बावन्न किलो नऊशे."

"बारदाना काटून का धरून?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सेठ, पोट्टी हाये, पोतं नाई!"

मग सेठ हळूच म्हणाला,

"हाव वस्ताद."