शेपटीची गाठ

माळा आवरताना जपानीच्या पहिल्या परीक्षेची अक्षरांची कार्डं सापडली. त्यातली ‘मे’ आणि ‘नु’ ही अक्षरं सारखीच दिसायची, मी रोज चुकायची. वडगावात जन्मभर हातमागावर साड्या विणलेल्या माझ्या निरक्षर सासूबाईंनी एकदा दोन्ही कार्डं हातात घेतली. “हिच्या शेपटीला गाठ हाय बघ, तिच्या न्हाय.” क्लासच्या मैत्रिणींसमोर मी त्यांना फटकारलं, “आत्या, ही साडीची नक्षी न्हवं.” परीक्षेत मात्र गाठ बघूनच उत्तर निवडलं. पास झाल्यावर पाहुण्यांनी विचारलं, घरी कुणी शिकवलं? मी म्हटलं, “कोण शिकवणार? एकटीनंच केलं.” शेजारी बसलेल्या सासूबाई लगेच म्हणाल्या, “व्हय, लई कष्ट केलं पोरीनं.” त्यांना वाचता येत नाही, म्हणूनच हे लिहायचं धाडस करतेय.