भाचीचा हक्क

उनाइसी कोरोईला फिजीतल्या सुवाच्या विद्यापीठात कायमची नोकरी नव्हती. दर वर्षी नवा करार, दर वर्षी तीच धाकधूक. पण परीक्षणाला आलेला शोधनिबंध ती असा वाचायची, की जणू विद्यापीठ तिच्या बापाचं आहे. या कामाचा छदाम मिळत नाही. बाकीचे वरवर चाळतात आणि ‘उत्तम, छापावे’ लिहून मोकळे होतात. भिडस्त मेले! उनाइसीचा मात्र एक प्रश्न हमखास असायचा, ‘हे मासे कोणी खाल्ले?’ समुद्रातले मासे मोजणाऱ्यांना किनाऱ्यावरची चूल दिसतच नाही, असं तिचं म्हणणं. खोटं नव्हतं ते.

त्या प्रश्नानेच घात केला.

होबार्टच्या एका शोधपत्रिकेच्या संपादकबाईंनी एक निबंध धाडला. रिवाजाप्रमाणे लेखकाचं नाव झाकलेलं, परीक्षकाचंही झाकलेलं. दावा असा, की एका गावाने आपला प्रवाळाचा पट्टा मासेमारीला बंद केला आणि मासे तिप्पट झाले. तेव्हा शेजारचे पट्टेही बंद करावेत. शेजारच्या बायकांनी मग रांधायचं काय, याचा पत्ताच नाही. उनाइसीला कुठेतरी पाणी मुरताना दिसलं. पहिली मोजणी सरदाराच्या दुखवट्याच्या जेवणानंतर लगेच झाली होती, हे निबंधातच एका कोपऱ्यात लिहिलेलं. अख्ख्या पंचक्रोशीने पट्टा ओरबाडून खाल्ल्यावर मासे मोजाल, तर कमीच भरणार! तिने आपला नेहमीचा प्रश्न विचारला, सविस्तर कारणं दिली आणि खाली लिहिलं, ‘नाकारावा.’

आठवड्याभरात प्रोफेसर अपिसाई तालेमो विद्यापीठातल्या तिच्या खोलीच्या दारात उभे. तिच्या आईचे चुलतभाऊ, म्हणजे मामाच. कायम जागेच्या निवड समितीवरही तेच. काखेत वर्तमानपत्रात बांधलेली यांगोनाच्या, म्हणजे तिथल्या मानाच्या पेयाच्या, मुळ्यांची जुडी होती. मामा काहीतरी मागायला आलेत, हे उनाइसीने ओळखलं. मुळ्या हातात घेतल्या, की घेणाऱ्याने मागणी मान्य केली. आणि मोठ्या माणसाच्या मुळ्या नाकारणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं.

“तुझ्याशिवाय असला प्रश्न कोण विचारतं, पोरी?” मामा हसत म्हणाले. “निबंध माझा आहे. ‘नाकारावा’च्या जागी ‘किरकोळ दुरुस्त्या’ लिही, एवढंच मागणं.”

“मोजणी चुकलीय, मामा.”

“लोक काय ते आकडे तपासत बसणारेत?”

“मामा, मला मामा बनवू नका!”

शेजारच्या खोलीतून तिची सहकारी प्रेमिला फिस्सकन हसली. मामांनी चेहरा गंभीर केला, खाली बसले आणि जुडी पुढे सरकवली. “पुढच्या महिन्यात समिती बसतेय. घरचं माणूस म्हणून सांगतो, जरा भीड ठेव.”

भीड भिकेची बहीण. उनाइसीला संताप आला, भीतीही वाटली. आणि त्या दोन्हींच्या मध्येच तिला आठवलं, की आपण वासू आहोत. बहिणीचं लेकरू! मामाच्या घरातलं हवं ते न विचारता उचलावं आणि मामाने हूं की चूं करू नये, हा वाडवडिलांचा कायदा.

तिने पुढे होऊन जुडी उचलली. मामांचा चेहरा खुलला.

“थांबा,” ती म्हणाली. “ही मागणी म्हणून घेतली नाही. वासू म्हणून उचलली. माझा हक्क!”

“अगं पण...”

“आणि मासे मोजल्याचे मूळ आकडेही उचलणार. आजच पाठवा.”

“काय बाई आहेस!” भिंतीपलीकडून प्रेमिला. “मामाला पुरता लुटलास की!”

मामा ताडकन उठले. “समितीत मी आहे, विसरू नकोस.”

“कशी विसरेन? संपादकबाईंना आत्ताच कळवते, लेखक माझा मामा निघाला, तेव्हा दुसरा परीक्षक नेमा. पण माझी कारणं त्यालाही दाखवा. आणि मामा, समितीत माझ्या विरोधात मत द्यायचं तर खुशाल द्या.” तिने जुडी आपल्या टेबलाच्या खणात टाकली. “फक्त कारण लेखी द्या. मी दिलं होतं.”