साहेबासाठी शिवलेला कुर्ता

रफिकनं मला भर बाजारात मारलं होतं. बरं केलं.

आज त्याला जाऊन चाळीस दिवस झाले. आज तरी खरं लिहितो.

तुम्ही मला ट्रॅव्हल रायटर म्हणून ओळखता. फुकट तिकिटावर फिरायचं आणि गोड गोड लिहायचं, हा माझा धंदा.

मोठ्या प्रवासी जहाजांवर लिहायचं तर एक ठरलेला साचा असतो. डेकवरचा सूर्यास्त, जेवताना बॅन्ड, आणि वर्षानुवर्षं त्याच जहाजानं फिरणारा एखादा एकटा म्हातारा. जहाज हेच त्याचं घर, स्टाफ हीच त्याची फॅमिली. हा परिच्छेद नसला की संपादक विचारतो, "ह्यूमन टच कुठाय?"

हा परिच्छेद मी कितीदा तरी लिहिलाय. एकदा त्यात रफिक होता.

रफिक आणि मी मोताळ्याच्या शाळेत एका बाकावर. त्याचे अब्बा टेलर. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, शाळेचे शर्ट त्यांच्याकडूनच शिवून घ्यायचो.

रफिकचं डोकं म्हणजे तापलेला तवा. आठवीत एकानं मला ढब्ब्या म्हटलं, तर यानं त्याचे दोन दात पाडले. ढब्ब्या मी होतोच, तो भाग वेगळा.

कित्येक वर्षांनी एका जहाजाच्या डायनिंग हॉलमध्ये तो वेटरचे पांढरे हातमोजे घालून समोर आला तेव्हा मी ओरडलोच.

"हळू बे," तो पुटपुटला. "इथं मी तुले सर म्हणतो."

तिसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणाला, खिडकीजवळच्या टेबलावर एक नवीन जोडपं चुकून बसलं. ते टेबल एका म्हाताऱ्या साहेबाचं. कित्येक वर्षं तेच टेबल, तीच खुर्ची. कोटावर कंपनीनं दिलेला, जुन्या प्रवाशांचा सोनेरी बिल्ला.

रफिक त्याला म्हणाला, "सर, दोनच मिनिटं द्या."

साहेबानं काठी उलटी धरली आणि तिची चांदीची मूठ रफिकच्या गालावर हाणली.

हाडाचा आवाज मला माझ्या टेबलावर ऐकू आला. पांढऱ्या टेबलक्लॉथवर रक्त उडालं. बॅन्ड वाजतच राहिला.

आणि दात पाडणारा रफिक हात मागे बांधून उभा.

"सॉरी सर."

मी उठलो नाही. सूप पीत राहिलो. हे लिहिताना आजही लाज वाटते.

संध्याकाळी तो माझ्या केबिनच्या दारात आला. गाल सुजून डोळा अर्धा मिटलेला.

"माह्यं नाव टाकू नको. पण हे लिहिजो. लोकायले समजू दे."

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच साहेबाची मुलाखत घेतली. साहेब म्हणाला, रफिक मला मुलासारखा आहे. कंपनीच्या बाईनं रफिकच्या गालाला पावडर थापली. साहेबाचा हात त्याच्या खांद्यावर, आणि फोटो काढणारा मी.

"हस ना जरा," मी म्हणालो.

तो हसला.

लेखाचं हेडिंग होतं 'समुद्रावरचा दुसरा मुलगा'. रफिकचं नाव ठळक अक्षरात. मला पुढच्या जहाजाचं आमंत्रण लगेच आलं.

चाचांनी तो लेख लॅमिनेट करून शिलाई मशीनच्या वर लावला. येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायचे. "माह्या पोराले जहाजावर दुसरा बाप भेटला." ईदला रफिक घरी आला तेव्हा त्यांनी साहेबासाठी अंदाजानं पांढरा कुर्ता शिवला आणि परत जाताना त्याच्या बॅगेत घातला.

वर्षभरानं रफिक पुन्हा सुट्टीवर आला. मीही गावी होतो. आठवडी बाजारात त्यानं मला गाठलं, कांद्याच्या ढिगावर पाडलं आणि छातीवर बसला. नाक फुटलं, ओठ फाटला. चार माणसं त्याला ओढत होती, तरी सुटत नव्हता.

"त्यानं मारलं ते मी गिळलं बे! तू मले हस म्हणला! तू!"

मग पिशवीतून तो कुर्ता काढून त्यानं माझ्या तोंडावर फेकला.

"अब्बाले मी नाही सांगू शकत. तू लिवलं, तूच सांगजो."

रक्त पुसत मी परत हो म्हणालो.

पुढं त्यानं जहाज सोडलं, मोताळ्यात लग्नाच्या जेवणाची कामं घ्यायला लागला. माझ्याशी बोलायला लागला. भेटला की एकच विचारायचा, "सांगतलं काय बे?"

मी म्हणायचो, पुढच्या खेपेला नक्की.

चाळीस दिवसांपूर्वी हायवेवरच्या ढाब्यावर एका गिऱ्हाइकानं रोटी थंड आहे म्हणून वेटरच्या कानाखाली मारली. रफिक शेजारच्या टेबलावर जेवत होता. तो उठला. यावेळी हात मागे बांधले नाहीत. गिऱ्हाइकाच्या सोबत्यानं गाडीतून लोखंडी रॉड आणला. डोक्यात दोन घाव. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

आज सकाळी मी दुकानात गेलो. चाचा मशीनपाशी नुसतेच बसले होते.

"बेटा, जहाजावरच्या त्या साहेबाले कळवलं काय? त्याचाबी पोरगाच होता तो."

मी कुर्ता त्यांच्यासमोर ठेवला. आणि सगळं सांगितलं. काठी, सूप, पावडर, हस ना जरा. काही वगळलं नाही.

चाचांनी कुर्ता उलटा करून आपलीच शिवण बघितली. मग उठून लेख भिंतीवरून काढला, चष्मा लावला, आणि फोटोतल्या रफिकच्या गालावर बोट ठेवलं.

"हा डाग मी रोज फडक्यानं पुसत होतो," ते म्हणाले. "मले वाटे, छपाईचा हाय."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"जाय आता तू."

सांगतलं बे, रफिक.

अलविदा.