हातमोज्यांची एकच जोडी

ती घटना आजही मनातून जात नाही. तेव्हा मी जळगाव शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका खासगी प्रसूतिगृहात सिझेरियन झालेली बाळंतीण दगावली. त्याच वॉर्डात आणखी दोघींच्या टाक्यांत पू झाला होता. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. जंतुसंसर्गाने मृत्यू, असा शवविच्छेदनाचा अहवाल आला.

तिचे सासरे, धरणगावकडचे एक नाना, ठाण्यातल्या बाकावर येऊन बसत. "मनी सून हासत दवाखानामा गयथी, साहेब," एवढंच अहिराणीत म्हणत; सून दवाखान्यात हसत गेली होती, हेच.

अशात निनावी फोन आला. वॉर्डातल्या आयाबाईचं सिस्टरशी वैर आहे, सिस्टरला अडकवायला तिनेच सलाइनमध्ये काहीतरी मिसळलं, असं सांगून फोन बंद झाला.

महिला शिपायासमोर मी आयाबाईंची चौकशी केली. खोटं बोलणारा माणूस दर वेळी हकिगतीत भर घालतो. या बाईचं उत्तर बदलत नव्हतं. सलाइनला आपण हातच लावत नाही, असं त्या सांगत राहिल्या. शेवटी मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना बरोबर घेतलं, वॉर्डात गेलो आणि बाईंना रोजचं काम करून दाखवायला सांगितलं.

त्यांनी हातमोजे घातले. पहिल्या खाटेखालचं भांडं उचलून रिकामं केलं. तिथून दुसऱ्या खाटेशी जाऊन बाळंतिणीच्या टाक्यांवरची पट्टी सारखी करायला वाकल्या. माझी नजर सलाइनच्या बाटलीवर खिळलेली. मॅडमनी मात्र त्यांना तिथेच थांबवलं.

"हातमोजे कधी बदलता?"

"फाटले की."

"मग घालता कशासाठी?"

"यांचं काही माझ्या हाताला लागू नये म्हणून."

बाईंच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. एकीची घाण त्याच हातमोज्यांनी दुसरीच्या टाक्यांपर्यंत जाते, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. नव्या हातमोज्यांचे खोके मालक डॉक्टरांच्या कपाटात कुलूपबंद होते. बाईंना सगळं उमगलं तेव्हा त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या.

प्रकरण जिल्हा शल्यचिकित्सकांच्या समितीकडे गेलं. अभिप्राय आल्यावर आम्ही निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा गुन्हा मालक डॉक्टरांवर नोंदवला. आयाबाई साक्षीदार झाल्या.

नानांना मी स्वतः समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तिना कोनी वैरी नव्हता?"

नव्हता. सगळ्या नोकरीत मी वैर, लोभ, संशय यांचाच माग काढत आलो होतो. वैर नसतानाही माणूस मारला जातो, रोजच्या कामाच्या ओघात, आणि करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो, हे त्या वॉर्डात उभं राहून मला कळलं.