दोन नावांची सुमन

मेहुण्यांचा, दत्ताभाऊंचा फोन आला तेव्हा मी पाथर्डीच्या स्टँडवर गाडीची वाट बघत उभी होते. "प्रतिभा गेली," एवढंच बोलले. क्षणभर मला कळेना, कोण प्रतिभा... माझी धाकटी बहीण सुमन. सोनईला, सासरी, कपडे वाळत घालता घालता कोसळली.

प्रतिभा हे तिचं सासरचं नाव. लग्नात दत्ताभाऊंनी तांदळाच्या ताटात अंगठीनं ते लिहिलं, तेव्हा ती माझ्या कानाशी लागली, "आक्का, हे मला लिव्हता बी यायचं न्हाई." आम्ही दोघी फिदीफिदी हसलो. तिला हसायला काहीही पुरायचं. माहेरी आली की प्रतिभा वेशीबाहेर ठेवून यायची.

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. दिवस भरत आले असताना तिला भोवळ आली म्हणून नगरच्या दवाखान्यात नेलं, तिथं हृदयाची पट्टी, ईसीजी, काढली. आईनं नाव सांगितलं ते सुमन, माहेरच्या आडनावासकट. आईला दुसरं सुचणार तरी कसं? रेणू झाली आणि त्या आनंदात भोवळ सगळेच विसरले.

पुढे आमचा भाऊ उसाच्या फडात उभ्या उभ्या गेला. हे घराण्यातलंच दुखणं आहे का, हे बघायला त्याच दवाखान्यानं सुमनचं रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं, प्रतिभा या नावानं. एका जनुकात बदल निघाला. तो जिवावरचा की निरुपद्रवी, हे नुसत्या रक्तावरून सांगता येत नव्हतं. डॉक्टरांनी जुनी पट्टी शोधली, पण कॉम्प्युटरवर प्रतिभाची एकही नव्हती. नवी काढली, ती नेमकी चांगली आली. मग लक्ष ठेवू म्हणाले, आणि आम्ही निर्धास्त घरी आलो.

तेराव्यानंतर आईच एकदम म्हणाली, "तवा तर सुमन सांगितलं हुतं ना गं?" त्या नावानं पट्टी निघाली, ठोक्यांतला दोष दाखवणारी. डॉक्टरांनी ती जनुकांच्या रिपोर्टशेजारी ठेवली. "हे दोन्ही एकत्र दिसलं असतं, तर तेव्हाच गोळ्या सुरू केल्या असत्या." मशीनच्या लेखी त्या दोन बायका होत्या, एकीचं हृदय आणि दुसरीचं रक्त. मी कोणावर ओरडू? नाव बदलणाऱ्यांवर, की न बदलणाऱ्या आईवर?

आता रेणूचं रक्त तपासणीला गेलंय. सुमनचाच बदल तिच्यात निघाला तर काय, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. रिपोर्ट यायचाय. मी सोनईतच राहिलेय. देवाला काय मागावं तेही सुचत नाही.

रेणू आंघोळीला जाते तेव्हा कडी लावत नाही. मी दाराबाहेर पाट टाकून बसते, ती आतून काहीबाही बोलत राहते. परवा बोलता बोलता थांबली. नुसता नळाचा आवाज... माझ्या तोंडून हाक निघाली, "सुमे!"

जरा वेळानं आतून आवाज आला, "हाय गं मावशी, हाय."